रास्पबेरी पाय जोडून थ्रीडी प्रिंटर लांबून चालवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परळला राहतो आणि नोकरीला ठाण्याला जातो. प्रिंटर घरात, खिडकीजवळच्या फळीवर. सात-आठ तासांची प्रिंट सकाळी लावली की ती बघायला मी दिवसभर घरी नसतो, म्हणून त्याला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर जोडला (पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हटलं आहे). ओळखीचे विद्यार्थी, साचे करणारे कारागीर, गणपतीच्या सजावटीची मंडळी सगळेच फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

पाय जोडल्यावर नेमकं काय बदलतं?

आतापर्यंत तुम्ही फाइल मेमरी कार्डावर घेऊन कार्ड प्रिंटरमध्ये घालत होता. आता प्रिंटरच्या यूएसबी पोर्टला पाय जोडायचा. पायवर ऑक्टोप्रिंट नावाचा प्रोग्राम चालतो. तो जी-कोडची, म्हणजे प्रिंटरला समजणाऱ्या आज्ञांची, फाइल वाचून एकेक ओळ प्रिंटरला सांगत राहतो: इथे सरक, एवढं प्लास्टिक ढकल, नोझल (प्लास्टिक वितळवून सोडणारी तोटी) २०० अंशांवर ठेव. आणि तापमान किती, काम कुठवर आलं, हे प्रिंटरकडून विचारून घेतो. तुम्हाला ते सगळं ब्राउझरच्या एका पानावर दिसतं, कॅमेरा लावला तर चित्रासकट.

ऑक्टोप्रिंट जर्मनीतल्या गिना हॉयस्गे यांनी २०१२ साली लिहायला घेतला. तो मुक्त आहे, फुकट आहे, आणि वापरणाऱ्यांच्या वर्गणीवर चालतो. कामाला आला तर थोडी वर्गणी जरूर द्या.

कोणता पाय घेऊ?

थ्री बी, थ्री बी प्लस किंवा फोर बी. जुना थ्री बी प्लस कोणाच्या कपाटात पडून असेल तर नवा घेऊच नका, या कामाला तो पुरतो. झीरो टू डब्ल्यूही चालतो, पण त्याला यूएसबीसाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो. जुना झीरो डब्ल्यू मात्र नको. प्रिंट चालू असताना त्यावर कॅमेरा लावला की त्याचा जीव मेटाकुटीला येतो आणि गोलाईवर प्लास्टिकचे बारीक फोड दिसायला लागतात.

एक गोष्ट आधी बघून ठेवा. थ्री बी आणि झीरो टू डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय समजतं. राउटरवर तो बँड बंद असेल तर पाय जोडलाच जाणार नाही, आणि तुम्ही संध्याकाळभर पासवर्ड तपासत बसाल.

घरात पडलेला मोबाइलचा चार्जर चालेल ना?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, आणि सगळ्यात जास्त प्रिंट यातच वाया जातात. चालणार नाही.

मोबाइलच्या चार्जरचं काम बॅटरी भरणं. व्होल्टेज थोडं खाली आलं तर फोनला फरक पडत नाही, तो सावकाश चार्ज होतो इतकंच. पायला बॅटरी नाही. व्होल्टेज ४.६३च्या खाली गेलं की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणखी खाली गेलं तर अडकतो किंवा परत सुरू होतो. ऑक्टोप्रिंटच्या पानावर वर विजेचं चिन्ह दिसलं तर समजा की पायची उपासमार चालली आहे. थ्री बी प्लसला ५ व्होल्ट अडीच अँपिअर लागतात, फोर बीला ५.१ व्होल्ट तीन अँपिअर. पायसाठी बनवलेला ॲडॉप्टरच घ्या. केबलही आखूड आणि जाड हवी, कारण पातळ लांब केबलमध्येच अर्धा व्होल्ट सहज जातो.

याचा संबंध सुरक्षेशीही आहे, म्हणून एवढं लांबण लावतो आहे. मधेच पाय अडकला तर प्रिंटरला पुढची ओळ मिळत नाही आणि तो आहे तिथे थांबतो. पण शेवटची आज्ञा ‘नोझल २०० वर ठेव’ अशी असते, आणि ती तो पाळत राहतो. म्हणजे हालचाल बंद, हीटर चालू, तापलेलं नोझल तुमच्या वस्तूला टेकलेलं. माझ्या पहिल्याच महिन्यात असं झालं होतं. घरी आलो तेव्हा पांढऱ्या फुलदाणीच्या कडेला नोझलच्या टोकाएवढा तपकिरी खड्डा पडला होता आणि खोलीत जळक्या साखरेसारखा वास होता. त्याच संध्याकाळी चार्जर बदलला.

इलेक्ट्रॉनिक्सच्या खरेदीला लॅमिंग्टन रोडला जातोच आहे, तर यादी सांगा.

पाय, त्याचा ॲडॉप्टर, १६ किंवा ३२ जीबीचं चांगलं मायक्रो एसडी कार्ड, कार्ड रीडर, आखूड यूएसबी केबल, हीटसिंक (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा). केबल घेण्याआधी प्रिंटरचं पोर्ट बघून जा. कोणाला चौकोनी बी टाइप लागतं, कोणाला मिनी, कोणाला मायक्रो, कोणाला सी. फोटो काढून नेला की दुकानात पोऱ्यालाही लगेच समजतं.

कार्डावर पैसे वाचवू नका. एका दुकानातून मी निम्म्या भावात ३२ जीबीचं कार्ड आणलं होतं, ते आतून आठ जीबीचंच निघालं. आठ जीबी भरेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. नंतर फाइली गायब व्हायला लागतात आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो. बिल घ्या, आणि घरी आल्यावर कार्ड पूर्ण भरून तपासा.

कार्ड कसं तयार करायचं? मला लिनक्स येत नाही.

लिनक्स यायची गरज नाही. कॉम्प्युटरवर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ उतरवून घ्या. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीत खाली खास कामांसाठीचा विभाग आहे, त्यात थ्रीडी प्रिंटिंग, त्यात ऑक्टोपाय. गाय शेफर यांनी रास्पबेरी पायच्या सिस्टिममध्ये ऑक्टोप्रिंट आधीच बसवून हा संच बनवला आहे. कार्डावर लिहिण्याआधी इमेजर सेटिंग विचारतो. तिथे वायफायचं नाव, पासवर्ड, वापरकर्त्याचं नाव आणि देश भारत, हे नीट भरा. बरेच जण देश भरायला विसरतात आणि मग वायफाय उठत नाही.

कार्ड पायमध्ये घाला, वीज द्या आणि चहा होईपर्यंत थांबा. पहिल्यांदा सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. घाई करून प्लग काढला तर कार्ड पुन्हा लिहावं लागतं. मग त्याच वायफायवरच्या ब्राउझरमध्ये ‘ऑक्टोपाय डॉट लोकल’ उघडा. पुढे ऑक्टोप्रिंट स्वतःच एकेक पायरी विचारतो. नाव-पासवर्ड ठेवा, प्रिंटरच्या बेडचं, म्हणजे वस्तू ज्यावर बनते त्या पाटीचं, माप टाका (एंडर थ्री हा प्रिंटर असेल तर २२० बाय २२० आणि उंची २५० मिलिमीटर), झालं.

ऑक्टोपाय डॉट लोकल उघडतच नाही.

जुन्या अँड्रॉइड फोनवर हे नाव चालत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते, त्यात ऑक्टोपायच्या समोरचा आकडी पत्ता घ्या आणि तोच टाइप करा. तो पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवलात तर पुन्हा शोधावा लागत नाही.

पान उघडलं, पण ‘कनेक्ट’ दाबल्यावर प्रिंटर सापडत नाही.

आधी केबल बदलून बघा. फोनबरोबर आलेल्या कित्येक केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहितीच्या नसतातच. मग वेग बघा. बहुतेक प्रिंटर ११५२०० वर बोलतात, काही २५०००० वर.

आणि एक ध्यानात ठेवा: प्रिंटर स्वतःच्या कार्डावरून प्रिंट करत असताना ‘कनेक्ट’ दाबू नका. जोडणी होताच अनेक बोर्ड रीसेट होतात आणि चालू काम तिथेच संपतं.

प्रिंटरचा स्विच बंद केला तरी त्याचा स्क्रीन चालूच राहतो. बिघडला का?

बिघडलेला नाही. पाय यूएसबीतून त्याला पाच व्होल्ट पुरवतो आहे. असं कायम राहू देऊ नका, कारण त्या ओढीने पायचंच व्होल्टेज पडतं. यूएसबीच्या मोठ्या टोकात चार पट्ट्या दिसतात, त्यांतल्या कडेच्या दोन जरा लांब असतात. त्या दोघींपैकी एक पाच व्होल्टची आणि दुसरी ग्राउंडची. पाच व्होल्टच्या पट्टीवर कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या टेपचा) बारीक तुकडा लावायचा. चुकून ग्राउंड झाकला तर जोडणी होणार नाही, तेव्हा टेप काढून दुसऱ्या पट्टीवर लावा. मी चिमटा आणि भिंग घेऊन बसलो होतो, दहा मिनिटांचं काम आहे.

कॅमेरा कोणता, आणि कुठे लावू?

साधा यूएसबी वेबकॅम पुरतो. पायचा स्वतःचा कॅमेराही चालतो, फक्त त्याची रिबन चालत्या बेडखाली येणार नाही असं बघा. चित्र सुंदर दिसावं म्हणून बहुतेक जण कॅमेरा उंचावर लावतात. तसं करू नका. नोझल आणि बेड जिथे भेटतात तिथे, थोडा खालून तिरका रोख ठेवा. बिघाड तिथेच आधी दिसतो: कोपरा उचलला गेला, नोझलला गोळा चिकटला, किंवा वस्तू सुटून नूडल्सचा गुंता व्हायला लागला. संध्याकाळी अंधारात कॅमेऱ्याला काही दिसत नाही, म्हणून फळीखाली छोटी एलईडी पट्टी लावा. आणि कॅमेऱ्याच्या टप्प्यात घरातली माणसं येणार नाहीत असा तो वळवा. एका खोलीच्या घरात हे आधी सगळ्यांना विचारून ठरवायला हवं.

लोकलमध्ये बसून, मोबाइल डेटावरून कसं बघायचं?

राउटरमध्ये पोर्ट उघडून द्या, म्हणजे बाहेरून थेट पायपर्यंत वाट करून द्या, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ऑक्टोप्रिंट इंटरनेटवर उघडा ठेवण्यासाठी बनवलेलाच नाही. २०१८ साली सॅन्स या संगणक-सुरक्षा संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरने जगभरात ३,७०० हून जास्त ऑक्टोप्रिंट असे उघड्यावर सापडल्याचं दाखवून दिलं होतं. त्यांतल्या बिनपासवर्डच्या प्रिंटरचा हीटर पार परक्या माणसाला चालू करता येतो. घरातला हीटर परक्याच्या हाती देण्याइतका धोका दुसरा नाही.

शिवाय आपल्याकडे पुष्कळ ब्रॉडबँड कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, तिथे पोर्ट उघडून उपयोगही होत नाही. त्यापेक्षा टेलस्केल बसवा. ते वायरगार्ड या व्हीपीएनच्या तंत्रावर चालतं, पाय आणि फोन यांच्यात एक खाजगी बोगदा तयार करतं, आणि राउटरला हातही लावावा लागत नाही. पायवर एकदा बसवायचं, फोनवर ॲप घ्यायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने आत यायचं. मग शंभरने सुरू होणारा एक पत्ता मिळतो, तो भायखळ्यातूनही चालतो आणि भांडुपमधूनही. ज्यांना एवढंही नको त्यांच्यासाठी ऑक्टोएव्हरीव्हेअर आणि ओबिको या सेवा आहेत. ओबिको कॅमेऱ्याचं चित्र तपासून गुंता झालेला ओळखतो आणि प्रिंट थांबवतो. पण मग घरातलं चित्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातं, हे समजून घेऊन निर्णय करा.

मोबाइल डेटावर कॅमेरा सलग चालू ठेवू नका, डेटा भराभर संपतो. मधून मधून एक स्थिर फोटो घेतला तरी पुरे.

मधेच इंटरनेट गेलं तर प्रिंट थांबेल?

नाही. फाइल एकदा पायवर चढली की इंटरनेटचा आणि प्रिंटचा संबंध संपला. तुम्हाला दिसणार नाही एवढंच.

आणि वीज गेली तर?

प्रिंट गेली असं धरा. नोझल थंड होतं, बेड थंड होतो, वस्तू बेडवरून सुटते. पायसाठी वेगळा छोटा यूपीएस लावला तर पाय आणि त्याचं कार्ड वाचतं, प्रिंट वाचत नाही. प्रिंटरलाच यूपीएस लावायचा असेल तर वॅटचा आकडा बघा: एंडर थ्रीचा पुरवठा ३५० वॅटच्या आसपासचा आहे, आणि बेड तापताना ओढ सगळ्यात जास्त असते. रोज काम संपल्यावर पाय नेहमी ऑक्टोप्रिंटच्या मेनूतून बंद करा, थेट प्लग काढू नका. कार्डं बहुधा अशीच मरतात.

दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी प्रिंट तुटते. सॉफ्टवेअर तर नवं आहे.

माझ्याकडे ही वेळ सकाळी साडेदहाची होती. आठवडाभर मी लॉग वाचत होतो. शेवटी रजेच्या दिवशी घरी बसलो तेव्हा उलगडलं: साडेदहाला आई चटणी वाटते. मिक्सर आणि प्रिंटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते. मिक्सरचं बटण फिरलं की स्क्रीनवर पुन्हा पाठवण्याच्या विनंत्यांची रांग लागायची आणि जोडणी सुटायची. प्रिंटर दुसऱ्या भिंतीवरच्या तीन पिनच्या सॉकेटवर नेला, यूएसबीची दोन मीटरची केबल काढून आखूड, दोन टोकांना विजेचा गोंगाट अडवणारे काळे गोळे असलेली लावली. त्यानंतर एकदाही तुटली नाही. फ्रिज, पाण्याची मोटर, जुना पंखा, सगळ्यांनी असं होऊ शकतं. जुन्या चाळीत अर्थिंग आहे की नाही हे वायरमनकडून तपासून घ्या. प्रिंटरचं लोखंडी अंग हाताला झिणझिण्या देत असेल तर त्याच क्षणी वापर थांबवा.

पावसाळ्यात प्रिंट खराब का येते?

फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, हवेतला ओलावा पितं. जून ते सप्टेंबर मुंबईत ते उघड्यावर राहूच शकत नाही. ओलं फिलामेंट ओळखायला कान पुरेत: नोझलमधून फोडणीतल्या मोहरीसारखा बारीक तडतड आवाज येतो, कारण आतलं पाणी वाफ होऊन फुटतं. वस्तूवर केसासारखे धागे राहतात. फिलामेंटच्या प्रकारांपैकी पीएलए ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवा, पीईटीजी ६५ च्या आसपास. नंतर रबर लावलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कॅमेऱ्यावरून हा दोष उशिरा कळतो, म्हणून प्रिंट लावण्याआधी दोन मिनिटं कान देऊन ऐका.

गणपतीच्या मखराचे भाग पीएलएमध्ये केले तर ते विसर्जनात चालतील?

नाही. पीएलए मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून होतं, म्हणून ते विरघळेल असं अनेकांना वाटतं. समुद्रात ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कुजायला त्याला औद्योगिक खतप्रकल्पातली उष्णता लागते. नक्षी, खांब, कमान खुशाल करा, आणि काढून पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवा. फक्त पत्र्याखालच्या माळ्यावर नको, साठ अंशांच्या जवळ पीएलए मऊ पडायला लागतं.

कागदाचा साधा प्रिंटर असाच लांबून चालवता येईल?

येईल, पण ऑक्टोप्रिंटने नाही. त्यासाठी पायवर कप्स (CUPS) नावाचा प्रोग्राम बसवतात. घरातला जुना यूएसबी प्रिंटर मग वायफायवर येतो आणि फोनवरून प्रिंट देता येते. आधी एकच तपासा: त्या मॉडेलचा ड्रायव्हर पायच्या एआरएम प्रोसेसरसाठी मिळतो का. काही स्वस्त लेझर प्रिंटर तिथेच अडतात.

क्लिपर चांगलं की ऑक्टोप्रिंट?

क्लिपर प्रिंटरचं फर्मवेअरच (त्याच्या बोर्डात बसवलेलं सॉफ्टवेअर) बदलतं आणि हिशोबाचं काम पायकडे घेतं. वेग वाढतो. पहिल्यांदाच करत असाल तर ऑक्टोप्रिंट घ्या, प्रिंटर आहे तसा राहतो.

घरी कोणीच नसताना प्रिंट लावून जाऊ का?

नका जाऊ. कॅमेरा आहे, टेलस्केल आहे, फोनवर लाल बटण आहे, हे सगळं मान्य. पण तुम्ही माटुंगा आणि सायनच्या मध्ये गर्दीत उभे असता, फोन खिशात, रेंज एक काडी. धूर निघाला तर पहिल्या दोन मिनिटांत हात घालायला माणूस तिथेच हवा. लांबून बघण्याचा उपयोग प्लास्टिक आणि वेळ वाचवायला होतो, रिकाम्या घराची राखण त्याने होत नाही. मी आई घरी असेल तरच प्रिंट लावतो, आणि सगळे झोपलेले असताना कधीच लावत नाही.

बाकीची तयारी अशी. प्रिंटरच्या फर्मवेअरमध्ये थर्मल रनअवेचं संरक्षण चालू हवं. तापमान हिशोबाबाहेर गेलं की ते हीटर तोडतं. काही जुने स्वस्त प्रिंटर हे संरक्षण बंद ठेवूनच विकले गेले, तेव्हा खात्री नसेल तर नवं फर्मवेअर घाला. प्रिंटर आणि सॉकेटच्या मध्ये वायफायचा स्मार्ट प्लग बसवा. ऑक्टोप्रिंटमधलं ‘कॅन्सल’ सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. एम ११२ ही तातडीची आज्ञाही यूएसबीतूनच जाते, म्हणून पाय अडकलेला असेल तर दोन्ही निकामी. प्लग मात्र वीजच तोडतो. पंखा बंद झाल्याने नोझलमध्ये फिलामेंट अडकेल, ते नंतर साफ करता येतं. प्रिंटरखाली फरशीचा तुकडा ठेवा, वर पडदा किंवा कॅलेंडर नको, खोलीत धुराचा अलार्म आणि हाताशी ड्राय पावडरचं छोटं अग्निशामक. विजेच्या आगीवर पाणी टाकायचं नाही.

मग घरातल्या माणसांना काय शिकवून ठेवायचं?

आईला ऑक्टोप्रिंट दाखवला नाही, तिला त्याची गरज नाही. तीन गोष्टी सांगितल्या. पिवळा दिवा हिरवा होईपर्यंत बेडला हात लावायचा नाही. खर्र असा आवाज आला किंवा जळका वास आला तर मला फोन करण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करायचा. आणि स्विच बंद केल्याने काही बिघडलं तरी चालेल, ती काळजी करायची नाही.

तिसरी गोष्ट सांगितली नव्हती तोवर ती घाबरून फोनच करायची, आणि मी गाडीत असलो तर तो लागायचा नाही. आता त्या स्विचवर लाल टेप लावली आहे. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिने तो खाली केला आणि नंतर मला कळवलं, ‘तुझं ते थांबवलंय, आवाज बरोबर नव्हता.’ कॅमेऱ्यावर तोपर्यंत काहीच दिसत नव्हतं. घरी जाऊन बघितलं तर नोझलच्या पंख्याचं एक पातं तुटलं होतं.